वैजूचा खडा

काळथर बेटाकडे जाणाऱ्या लाँचमध्ये चढताना प्रत्येकाने किनाऱ्यावरचा एक खडा उचलून घ्यायचा, असा इथला रिवाज आहे. बेटावर उतरताना तो लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ ठेवलेल्या पाटीत ठेवायचा आणि परतताना आपापला उचलायचा. पाटीत खडा उरला, तर लाँच हलत नाही. शहरातली मंडळी हसतात, खड्यावर पेनाने आपले नाव लिहितात, पण ठेवतात. पाटीच्या तळाशी एक काळा, गुळगुळीत खडा मात्र कायमचा आहे. तो कोणाचा, असे विचारले की म्हातारे अनंत तांडेल सुकाणूवरचा हात न काढता सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी या गावात भिवा तांडेल राहत असे. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या वैजूला त्यानेच वाढवले. तिची वेणीसुद्धा तोच घाली, आणि वाईट घाली म्हणे. वैजू मोठी झाली तशी गावातल्या बायकांबरोबर काळथरवर खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवे, काढायला जाऊ लागली. होडी अर्थात भिवाची.

होडीतली माणसे मोजायची नाहीत, मोजली की कमी होतात, अशी तेव्हाची समजूत. भिवा पाण्याकडे बघे. जाताना पाणी होडीच्या तिसऱ्या फळीला, येताना भरलेल्या पाट्यांसकट चौथ्या. चौथी फळी भिजली की सगळी आली, असा त्याचा हिशेब, आणि तो कधी चुकला नव्हता.

एका वैशाखात कालवे उदंड मिळाली. बायकांनी दुप्पट पाट्या भरल्या. भरती चढत होती, वारा फिरू लागला होता. चौथी फळी भिजलेली पाहून भिवाने होडी लोटली. पाट्यांची रास एवढी उंच, की वैजू तिच्यापलीकडे बसली असेल असेच सगळ्यांना वाटले. गावच्या किनाऱ्यावर पाट्या उतरल्या, आणि पलीकडे कोणीच नव्हते.

भिवाने तसाच होडीला हात घातला. पण समुद्र एवढा खवळला होता की चौघांनी त्याला धरून ठेवले. तीन दिवस होडी पाण्यात घालता आली नाही. बेटावर प्यायला थेंब नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. भिवा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "वैजू भेटल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाय," असे त्याने समुद्राला सांगितले. ओठ फुटले, तरी तो मागे सरला नाही.

चौथ्या सकाळी वारा पडला. भिवा एकटाच गेला. बेटावर उंडीच्या झाडाखाली वैजू पाय पसरून कालवे फोडत बसली होती. शेजारच्या खळग्यात गोडे पाणी भरले होते. पहिल्या दिवशी तिथे कोरडा कातळ होता, आणि भावाने पाणी पिणे सोडले त्याच घटकेला तो पाझरला, असे सांगतात. वैजूने ओंजळ भरून आधी त्याला पाजले आणि मग त्याची खरडपट्टी काढली.

"कालवांच्या भावान मोजलंस काय रे माका, दादा?"

भिवा लहान मुलासारखा रडला. "माणसां मोजूची नसतत गो," एवढेच त्याला बोलता आले.

"मग खडे मोज!" असे म्हणून तिने पायाशी पडलेला काळा खडा उचलून होडीत टाकला. "ह्यो माजो. ह्यो होडीत आसा तवसर माका हाक मारल्याशिवाय निघू नको."

तो खडा बाहेर काढायचे धाडस भिवाला कधी झाले नाही. वैजू होडीत नसली, दोन मुलांची आई होऊन घरात भाकऱ्या भाजत असली, तरी बेटावरून निघताना तो, आलीस का, अशी तिला हाक मारी आणि इतर बायका हसत, आले, अशी ओ देत. वैजू गेली, भिवा गेला, हाक राहिली.

काळथरवर आजही वस्ती नाही. ती होईल कशी, असे अनंत तांडेल म्हणतात. उतरलेला प्रत्येक माणूस आम्ही परत नेतो. उंडीखालच्या खळग्यातले पाणी पिऊन, उन्हाने लाल झालेली माणसे लाँचमध्ये चढतात, आपापला खडा उचलतात. मग तांडेल तो काळा खडा हातात घेतात आणि रिकाम्या बेटाकडे तोंड करून हाक मारतात, "वैजू, इलंस गो?"

आणि सकाळी हसलेली ती सगळी मंडळी एका आवाजात ओरडतात, "इलंय!"

मगच इंजिन सुरू होते.