उलट्या अक्षराचे नाणे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की राजा बदलला हे लोकांना नाण्यावरचे नाव बदलले म्हणजे कळे.

त्या राज्याच्या पेठेत एक पोतदार होता. पोतदार म्हणजे नाण्यांचा पारखी. तो नाणे दगडावर वाजवी, कान देऊन ऐके आणि खरे की खोटे ते सांगे. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खोटे ठरलेले नाणे पोतदाराकडेच जमा व्हायचे, अशी तिथली रीत होती. शिवाय जुन्या राजांची नाणी जमवण्याचा त्याला भारी नाद. चाळीस वर्षांत त्याची एक पेटी भरली होती.

म्हातारपणी त्याच्या बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोंगरापलीकडचा एक वैद्य तो काढी, पण खर्च मोठा होता. त्याच सुमारास जुनी नाणी घेणारा एक सौदागर पेठेत उतरला. पोतदाराने त्याच्यापुढे पेटी उघडली आणि काय ठेवावे, काय विकावे, ते ठरवू लागला. एक नाणे विकायच्या ढिगात टाकावे आणि लगेच पुन्हा उचलावे, असे सकाळभर चालले. मन कशावरूनच उडेना.

सौदागराने मात्र पेटीच्या तळातले एकच नाणे उचलले. चांदीचे, एक अक्षर उलटे उमटलेले.

"टांकसाळीचा साचा एक दिवस चुकला होता, तेव्हाचं हे," तो म्हणाला. "अस्सल आहे. अशी दोनच उरलीत. एवढं एक द्या, वैद्याचा सगळा खर्च निघेल. बाकीची पेटी राहू द्या तुमच्यापाशी."

दुसऱ्या कुणाला वाटले असते, सुंठीवाचून खोकला गेला. पोतदाराने मात्र ते नाणे ओळखले. वीस वर्षांपूर्वी हे नाणे त्यानेच एका तेल्याकडून काढून घेतले होते. उलटे अक्षर दिसले आणि दगडावर न वाजवताच त्याने ते खोटे ठरवले. तेल्याला वेशीबाहेर घालवण्यात आले. तेव्हापासून सारी पेठ त्याला 'खोटा तेली' म्हणत होती.

पोतदाराने एक दिवसाची मुदत मागितली. घरी येऊन त्याने बायकोला सगळे सांगितले. "विकलं तर तुला दिसेल. नाही विकलं, तर माझ्या चुकीची आठवण म्हणून जन्मभर उशाशी ठेवीन. काय करू?"

बायको म्हणाली, "अहो, ठेवू की विकू, हे आपल्या वस्तूचं विचारावं. ते नाणं आपलं कुठंय?"

पोतदाराला रडू फुटले.

दुसऱ्या दिवशी त्याने ते एक नाणे बाजूला काढले आणि बाकीची पेटी निवड न करता सौदागराला विकली. वैद्याची सोय झाली. मग तो वेशीबाहेर तेल्याच्या घाण्यापाशी गेला.

"तुमचं नाणं खरं होतं. खोटा मी ठरलो," तो म्हणाला. "हे घ्या. सौदागराला विकलंत तर पुष्कळ मिळेल."

तेली आता म्हातारा झाला होता. नाण्याकडे त्याने पाहिले, पण हात पुढे केला नाही.

"इथं नको, पोतदार. जिथं घेतलंत, तिथं द्या."

पोतदार त्याला घेऊन भर पेठेत आपल्या गादीवर आला. सगळ्यांदेखत त्याने आपली चूक सांगितली आणि नाणे तेल्याच्या हातावर ठेवले. मग पारखीचा दगड गादीवर ठेवून तो खाली उतरला, तो पुन्हा कधी तिथे बसला नाही.

तेली सरळ वाण्याच्या दुकानात गेला. "गुळाची एक ढेप द्या."

"अरे, वेडा का काय तू!" वाणी म्हणाला. "या नाण्यात सगळं दुकान येईल."

"त्या दिवशी लेकीच्या बारशाला गूळ न्यायला आलो होतो. नाणं खरं आहे ना? मग चालू द्या."

वाण्याने मुकाट्याने ढेप तोलली आणि नाणे गल्ल्यात टाकले. वीस वर्षांनी ते नाणे पेठेत चालले. तेली ढेप डोक्यावर घेऊन भर रस्त्याने घरी गेला, आणि त्या दिवसापासून त्याला कुणी खोटा म्हटले नाही.

लहानथोरहो, बोध एवढाच: दुसऱ्याचे हिरावलेले विकू नये, जपूही नये, ज्याचे त्याला चारचौघांत परत करावे.