थोरल्याच्या पोटातल्या रेघा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजे तेव्हा पायी फिरत आणि तळी हातांनी खोदली जात. लहानांनी पुढे बसावं, थोरांनी मागे. गोष्ट दोघांचीही आहे.

एका राज्यात एक मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा उंच बांध होता आणि बांधाखाली उतारावर सात वाड्या होत्या. बांधाच्या टोकाला दगडी चौथरा होता, त्यावर तांब्याचा एक नगारा. माणूस आत उकिडवं बसलं तर बाहेरून दिसणार नाही एवढा मोठा. लोक त्याला थोरला म्हणत.

तळं ज्या राजाने बांधलं, त्यानेच थोरला बसवला होता. बांधाला भेग दिसली की राखणदाराने थोरला वाजवायचा आणि सातही वाड्यांनी हातातलं काम टाकून टेकडी गाठायची, असा नेम त्याने घालून दिला होता.

पण बांध मजबूत निघाला. वर्षांमागून वर्षं गेली. थोरला वाजण्याची वेळ आली नाही, तसा तो पूजेला लागला. कोणी म्हणालं, यावरचं कातडं पहिल्या राजाने स्वतःच्या हातांनी मढवलंय. ते सगळ्यांना आवडलं. दर चैत्रात जत्रा भरू लागली. कातड्यावर तेल चढे, त्यावर शेंदूर, त्यावर पुन्हा तेल. मग टिपरी मारायलाही बंदी झाली; देवाला काठीने मारतात का? शेवटी चौथऱ्यावर चढायचीही बंदी झाली. पुजाऱ्याने चढायचं, राखणदाराने झाडलोटीपुरतं, आणि वाद्या कुजल्या की मढवणाऱ्याने, तेही काम होईपर्यंतच.

त्या वर्षी वाद्या कुजल्या. कातडं ज्या चामड्याच्या पट्ट्यांनी ताणून बांधतात, त्या वाद्या. म्हणून राजाने मढवणारीला बोलावणं धाडलं.

मढवणारी पंचेचाळिशीची होती. हे काम ती बापाकडून शिकली होती. जुनं कातडं वाचवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चिरलेल्या डफाला ती असं ठिगळ लावी की वाजवणाऱ्याला जागा सापडू नये. लोक फेकायला काढलेले ढोल आणत, आणि ती म्हणे, "थांब रे, याला अजून दहा वर्षं आहेत." गिऱ्हाईक नव्याचा आग्रह धरी, तरी ती जुनंच दुरुस्त करून देई.

अशी ती बाई थोरल्यापुढे आली, हात जोडले आणि बोटाच्या पेराने कातड्यावर एक टिचकी मारली.

थप.

तिने जागा बदलली. थप. कडेला, मध्ये, पुन्हा कडेला. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. नखाने तिने जरा खरवडलं. बोटभर शेंदूर निघाला, खाली तेलाचा काळा चिकटा, आणि त्याखाली मऊ पडलेलं कातडं. दाबलं की दबून तसंच राही.

"तात्या," तिने राखणदाराला हाक मारली, "हा शेवटचा कधी वाजला?"

राखणदार साठीचा, बोलघेवडा. "मी आलो त्याला वीस वर्षं झाली. मी नाही ऐकला. माझ्या आधीच्यानंही नाही ऐकला म्हणे."

"आणि उद्या बांध फुटला तर?"

"तर मी ओरडेन की! माझा आवाज पार वेशीवरून बायकोला ऐकू जातो."

"सातवी वाडी दोन कोस आहे, तात्या."

राखणदार हसायचा थांबला. सातव्या वाडीत त्याची लेक दिली होती.

मढवणारीने त्या दिवशी वाद्यांना हात लावला नाही. ती सरळ दरबारात गेली.

"महाराज, थोरला मेलाय," ती म्हणाली. "नवं कातडं लावावं लागेल."

दरबारात पंखा ढाळणाऱ्याचा हातही थांबला. मग पुजारीबुवा उठले. "हिची जीभ झडत कशी नाही! पहिल्या महाराजांच्या हातचं कातडं आहे ते!"

राजा तरुण होता आणि भाविक होता. वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, तू तर जुनं जपणारी म्हणून प्रसिद्ध. मग हे का जपत नाहीस?"

"जपण्यासारखं होतं तोवर जपलं असतं, महाराज. हजार कातडी या हातांखालून गेली. कोणतं आजारी आणि कोणतं मेलेलं, एवढं मला कळतं. विश्वास नसेल तर एकदा वाजवून बघा. तुम्ही सातव्या वाडीत उभे राहा, मी इथे टिपरी मारते."

"टिपरी मारली तर फाटेल ते!" पुजारी ओरडले.

"मारली तर फाटेल," मढवणारी म्हणाली, "आणि वाजवायचा म्हणून तो बांधावर ठेवलाय. बुवा, तुम्हीच सांगा, पाणी आलं की काय करायचं? आरती?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. राजाचा चेहरा लाल झाला.

"वाद्या बदल आणि जा," तो म्हणाला. "कातड्याला हात लावलास तर या राज्यात राहणार नाहीस."

ती घरी आली. रात्री जेवली, झोपली. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक पुढे म्हणाले की ती रागाच्या भरात होती. ती रागात नव्हती. सकाळी उठून तिने रेड्याचं कमावलेलं कातडं भिजत घातलं, भोकं पाडायची आरी आणि कातडं कापायची रापी दगडावर घासली आणि ऊन वर येईपर्यंत थांबली. चोरून काही करायचं नव्हतं.

जत्रेला पाच दिवस होते. बांधावर दुकानांचे खांब रोवले जात होते, माणसांची वर्दळ होती. ती चौथऱ्यावर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी मढवणारी. थोरल्याचं कातडं काढतेय. राजाने नको म्हटलंय, तरी काढतेय. ज्याला सांगायचं त्याने जाऊन सांगावं."

आणि तिने पहिली वादी कापली.

एकच गलका झाला. पहारेकरी भाले घेऊन धावत आले आणि चौथऱ्याच्या पायरीपाशी येऊन थबकले. वर चढायला बंदी होती! एक म्हणे, तू चढ. दुसरा म्हणे, मला पोरंबाळं आहेत. ज्या सोवळ्याने थोरला मुका केला, त्यानेच तिला दुपारपर्यंतचा वेळ मिळवून दिला.

तिने घाई केली नाही. एकेक वादी कापली. जुनं कातडं कडेने सोडवलं. तिलाही ते पहिल्या राजाच्या हातचंच वाटत होतं. लहानपणापासून तेच ऐकलं होतं. तरी तिचे हात थांबले नाहीत. ते कातडं तिने कडुनिंबाच्या पाल्यात घातलं, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि बाजूला सावलीत ठेवलं. मग तिने नगाऱ्याच्या पोटात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

राजा आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तोही पायरीपाशी क्षणभर अडखळला, मग वर चढला.

"या, महाराज," मढवणारी म्हणाली. "मिटायच्या आधी बघून घ्या. एकदा मिटलं की आतलं कोणाला दिसत नाही."

राजाने वाकून पाहिलं. आत तांब्यावर आरीने ओढलेल्या रेघा होत्या. एकाखाली एक. नऊ.

"हे काय?"

"आमच्या धंद्याची रीत. वाद्य मढवून मिटायच्या आधी आत एक रेघ मारायची. बाप म्हणायचा, ही रेघ बघायला कोणी येत नाही, पुढचा मढवणारा येतो." तिने पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "ही पहिल्या राजाच्या वेळची. तिच्यानंतर आठ वेळा कातडं बदललंय. तुम्ही पूजता ते पहिलं नाही, महाराज. नववं आहे."

"कशावरून?" पुजारी खालून ओरडले. "तूच ओरखडे काढले असशील!"

"आठ रेघा उजवीकडे कललेल्या आहेत. नववी डावीकडे. या मुलखात एकच मढवणारा डावरा होता, बुवा, आणि तो माझा बाप. मी जन्मायच्या आधी त्याने हे मढवलं असणार, मला कधी बोलला नाही. आणि एवढं मोठं कातडं नुसत्या हातांनी ताणत नाहीत. त्यावर उभं राहून टाचेने दाबावं लागतं." तिने पुजाऱ्यांकडे पाहिलं. "जिथे तुम्ही कपाळ टेकता, तिथे माझ्या बापाची टाच होती. मला मात्र तुम्ही पायरीखाली उभी करता."

राजाने पुन्हा आत पाहिलं. त्याला त्या रेघा खऱ्या वाटल्या. पण खाली शेकडो माणसं बघत होती, आणि पाच वर्षं तो त्या कातड्यापुढे डोकं टेकवत आला होता. खरं दिसलं म्हणून ते लगेच तोंडातून येतंच असं नाही.

"जत्रा पाच दिवसांवर आहे. उघडा नगारा ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "मढवून दे. मग राज्याबाहेर जा. हिची हत्यारं तळ्यात टाका, म्हणजे पुन्हा कोणी असलं धाडस करणार नाही."

"जाते," ती म्हणाली. "पण थोरला वाजल्याशिवाय नाही."

तिने आत दहावी रेघ मारली. भिजलेलं कातडं ताणलं, टाच देऊन दाबलं, नव्या वाद्या ओवल्या. चार दिवस ते सावलीत वाळलं आणि चारही दिवस ती शेजारी बसून राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तिने दोन्ही हातांत टिपऱ्या घेतल्या, आणि कोणी अडवायच्या आत एक ठोका दिला.

म्हशींनी दावी तोडली. दुकानातल्या बांगड्या किणकिणल्या. दोन कोसांवरच्या सातव्या वाडीत एका थकलेल्या आजीने हातातला जात्याचा खुंटा सोडला आणि ती किंचाळली, "अगं बाई, थोरला! टेकडीवर चला!" आणि सगळी वाडी, कढईतलं कढईत ठेवून, टेकडीवर जाऊन बसली. काही झालं नाही म्हणून तासाभराने हसत खाली आली. पण त्या निमित्ताने पोराबाळांना वाट कळली.

जाताना मढवणारी राखणदाराला म्हणाली, "तात्या, पावसाळ्यात कातडं सैल पडतं. शेजारी शेगडी ठेव. रोज एक ठोका दे. तेल लावू देऊ नकोस."

"बुवा ओरडतील."

"ओरडू दे. ते दोन कोसांवर ऐकू जात नाही."

तिची आरी, रापी, सगळी हत्यारं तळ्यात गेली. ती सीमेपलीकडे जाऊन राहिली.

श्रावणात तळं काठोकाठ भरलं. बांध वरून धडधाकट दिसत होता. आतून खेकड्यांनी पोखरला होता. एका दुपारी राखणदाराला बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाण्याची धार दिसली. तो चौथऱ्यावर चढला. शेगडी पेटती होती, कातडं ताठ होतं. पुजारीबुवा आडवे आले. "आज अमावास्या आहे, आज नको!" राखणदाराने त्यांना हाताने बाजूला केलं आणि हात दुखेपर्यंत थोरला वाजवला.

संध्याकाळी बांध फुटला. सात वाड्यांतली घरं गेली, भांडी गेली, दाणे गेले. टेकडीवर राखणदाराने माणसं मोजली. दोनदा मोजली. त्याच्या लेकीसकट सगळी होती. एकही कमी नव्हतं.

आठवड्याने सीमेपलीकडच्या त्या झोपडीपुढे राजा येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बाई," तो म्हणाला, "मी तुला माफ केलं. परत चल."

मढवणारी अंगणात डफाला ठिगळ लावत होती. तिने मान वर केली नाही. "माफी कशाची, महाराज? मी गुन्हा केलाच नाही. उद्या तसंच कातडं दिसलं, तर उद्याही काढेन."

राजाने कमरेचं फडकं सोडलं. आत आरी होती, रापी होती, गंजलेली, चिखलाने माखलेली. तळं रिकामं झालं होतं, आणि त्याच्या तळाशी त्याने दोन दिवस स्वतः चिखल उपसून ती शोधली होती.

"मग हे घे," तो म्हणाला. "आणि चुकलो ते मी."

आता तिने मान वर केली. आरी हातात घेतली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला. "गंज निघेल," ती म्हणाली. "चला. पण दर बारा वर्षांनी कातडं बघायचं, गेलेलं असेल तर बदलायचं. आणि रेघ मारताना राजाने चौथऱ्यावर हजर राहायचं."

तसंच ठरलं. नववं कातडं आता देवळात, कडुनिंबाच्या पाल्यात, धोतरात गुंडाळून ठेवलेलं आहे. ज्याला नमस्कार करायचा त्याने तिथे करावा. थोरला मात्र नव्याने घातलेल्या बांधावर आहे, रोज एक ठोका खातो, आणि चौथऱ्यावर कोणालाही चढता येतं.

तात्पर्य: पूर्वजांनी दिलेलं काम चालू ठेवणं म्हणजे त्यांना जपणं, आणि त्यासाठी त्यांची वस्तू बदलावी लागली, तर ती उघड्यावर, न घाबरता बदलावी.