कण्हेर, सदाफुली आणि तगर

माघ सरायच्या आतच जिथे ऊन ठाण मांडून बसते, अशा एका गावात गोदी राहायची. तिची आई देवीला फुले पुरवायची. जो रोज परडीभर फुले देईल, त्याने देवळामागच्या बागेत झोपडी बांधून राहावे, असा गावाचा नेम होता.

पण आईचा पाय मोडला. पाण्याच्या खेपा एकट्या गोदीवर आल्या आणि वैशाखात सगळी बाग करपली. पुजारीबुवा म्हणाले, “गोदे, उद्या परडी रिकामी आली तर बाग सारजाला द्यावी लागेल गं.” सारजा तान्ह्या पोरीला घेऊन वेशीबाहेर चिंचेखाली राहत होती आणि तिने बाग मागितली होती.

गोदीला रडूच फुटले. पण रडत बसून कसे चालेल? कळशीच्या तळाशी ओंजळभर पाणी उरले होते. ते तिने चोच वासून बसलेल्या इवल्याशा शिंजीर पक्ष्यापुढे ठेवले. पक्षी पाणी प्याला, त्याची निळी-जांभळी पिसे चमचमली आणि काय आश्चर्य! तिथे अंगठ्याएवढी परी उभी!

“तीन झाडे माग,” परी म्हणाली. “मागितलेले बदलता येणार नाही. आणि पाणी तुझे तूच घालायचे.”

तिने टिचकी वाजवताच सोनेरी कमळे आणि चंदेरी गुलाब लखलखू लागले.

गोदीने कमरेवर हात ठेवले. “सुंदर आहेत गं. पण फुलतात किती दिवस?”

“एक दिवस. मग वर्षभर झोपतात.”

“आणि पाणी?”

“रोज दहा कळशा,” परी जरा ओशाळली.

“मग नकोत बाई! मला कण्हेर दे आणि सदाफुली दे. थोड्या पाण्यावर उन्हाळाभर फुलतात, आणि दरवर्षी नव्याने लावायला नकोत.”

गुलाबी, पांढरी, टपोरी फुले डुलू लागली. गोदीला आता मोगरा हवा होता, अगदी मनापासून. पण ती म्हणाली, “तिसरी तगर. बारा महिने फुलते. ती सारजामावशीच्या परडीसाठी.”

“अगं, ती तर तुझ्या घरावर टपलीय!”

“टपली नाहीये. तिला घरच नाही.”

परीने गोदीच्या कपाळाची पापी घेतली आणि लख्ख उजेडात ती विरून गेली.

सकाळी देवीपुढे दोन भरलेल्या परड्या आल्या, एक गोदीची आणि एक तगरीच्या फुलांची, सारजाची. पुजारीबुवांनी डोके खाजवले. “दोन परड्या म्हणजे बागेत दोन झोपड्या. नेम तो नेम!”

सारजाने बाळ गोदीच्या आईच्या मांडीवर ठेवले, गोदीच्या हातातली कळशी घेतली आणि ती विहिरीकडे चालू लागली.