भैरूनं पॅकेज मॅनेजर बसवला

आंबेघोल गावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण पगारी भोळा एकच. त्याचं नाव भैरू. सरपंचांच्या साडूचा मुलगा. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आला, तेव्हा तो सांभाळायला याच्याशिवाय दुसरं कोण मिळणार? भैरू रोज सकाळी कॉम्प्युटर फडक्यानं पुसायचा, त्याला उदबत्ती ओवाळायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. कामात खोट नव्हती.

त्या उन्हाळ्यात नळावर हंड्याला हंडे भिडले. एका गल्लीला पाणी दोनदा, दुसरीला थेंब नाही. शेवटी सरपंचांनी कोल्हापूरच्या शिंत्रे मॅडमना बोलावलं. पायथन नावाची कॉम्प्युटरची एक भाषा असते, त्या भाषेत मॅडम प्रोग्रॅम लिहिणार होत्या. मग टाकीचे व्हॉल्व्ह पाळीपाळीनं आपोआप उघडणार होते. उद्घाटनाला आमदार यायचे होते.

त्या दिवशी सकाळी वाटेतूनच मॅडमचा फोन आला. "भैरू, मी येईपर्यंत कॉम्प्युटरवर पॅकेज मॅनेजर बसवून ठेव."

"बसवतो की!"

भैरू गेला फाट्यावर. तिथं कुरिअरच्या दुकानात खंडागळे बसायचे. येणारी-जाणारी पॅकेटं सांभाळायची त्यांनीच. दुकानाचे मॅनेजर तेच, हमालही तेच. अंगानं चांगले भरलेले. भैरूनं त्यांना मोटारसायकलवर घालून आणलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर बसवलं.

मॅडम आल्या. डबा करकरत होता.

"हे कोण?"

"पॅकेज मॅनेजर. जरा डुगडुगतायत, पण बसवले."

खंडागळे म्हणाले, "मॅडम, खालनं गरम वारा लागतोय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, माणूस नव्हे रे! पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे तयार तुकडे. ते आणून देणारा कॉम्प्युटरमधला कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर. आपण कुठं जायचं नाही. काय पाहिजे त्याचं नाव टाइप करायचं. तो आणतो."

"असं सांगा की!"

मॅडमनी तो कारभारी स्वतःच बसवला. तेवढ्यात पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आले, उन्हानं लालबुंद झालेले. मॅडम म्हणाल्या, "भैरू, साहेबांना चहा आण."

भैरू उठला नाही. त्यानं एका बोटानं 'चहा' टाइप केलं, मोठं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसला. साहेब वाट बघून बघून निघून गेले.

"चहा कुठाय?" मॅडम ओरडल्या.

"मागवलाय कधीचा. कारभाऱ्याला दूध मिळालं नसंल."

"अरे गाढवा! चहा आणायला आपल्या पायांनी जायचं. आणि नुसता चहा आणायचा नाही. चहाला कप लागतो, कपाला बशी लागते. या मॅनेजरकडून शीक जरा! एक पॅकेज आणायचं, तर त्याला जे जे लागतं ते सगळं बरोबर घेऊन येतो. बरं, आता जा आणि सरपंचांना सहीला घेऊन ये."

भैरू आपल्या पायांनी गेला. सरपंचांना सहीसाठी चष्मा लागतो. चष्मा त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भैरूच्या मावशीच्या पदराच्या गाठीला. मावशीला भावाला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून मामा. मामा म्हशीला एकटं सोडत नाही, म्हणून म्हैस. म्हशीला रेडकू लागतं. भैरूनं एकालाही मागं ठेवलं नाही. सगळी वरात ऑफिसात शिरली आणि म्हशीनं दारातच शेण टाकलं.

सरपंच मॅडमना म्हणाले, "मला वाटलं, तुम्हीच समद्यांना बोलावलंय."

मॅडमचा आवाज चिरकला. "भैरू! नको ते काढून टाकायला शीक! मॅनेजर काय करतो? ज्याच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, ते पॅकेज काढून टाकतो. जागा मोकळी होते!"

"हे बेस सांगितलंत," भैरू म्हणाला आणि म्हैस उद्घाटनाच्या मांडवामागं बांधून आला.

दुपार कलली. प्रोग्रॅम तयार झाला. मांडव भरला. आमदार येऊन स्टेजवरच्या मधल्या मोठ्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या पेंगायला लागले. मॅडमनी आतून बघितलं. स्टेजवर टेबलं, पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, पाय ठेवायला जागा नाही. त्या म्हणाल्या, "भैरू, स्टेजवरचं नको ते काढून टाक."

भैरू आता शहाणा झाला होता. विचारल्याशिवाय तो कशाला हात लावणार नव्हता. पुढच्या रांगेत हंडा घेऊन बसलेल्या अनसूयाआजीला त्यानं विचारलं, "आजी, त्या टेबलांवाचून काही अडंल का?"

"अडंल की. जेवणाच्या पंगतीला लागतील."

"पुष्पगुच्छांवाचून?"

"शेरडाला होतील. असू देत."

"आणि आमदारांवाचून?"

आजीनं विचार केला. शेजारणीला विचारलं. शेजारणीनं मागच्या रांगेला विचारलं. मग आजी म्हणाली, "न्हाई बाबा. त्यांच्यावाचून कुणाचंच काही अडत न्हाई."

भैरूनं खंडागळ्यांना हाक मारली. दोघांनी खुर्ची दोन्हीकडून धरली आणि आमदारांसकट उचलून मांडवामागं नेऊन ठेवली. लोकांना वाटलं, हा सत्काराचाच प्रकार असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, काढले," भैरू म्हणाला. "म्हशीपाशी सावलीत ठेवलेत."

मॅडम म्हणाल्या, "कर्मदरिद्र्या! चुकीचं काढलं गेलं तर मॅनेजर आधीचं परत बसवतो! पळ! आधीचे परत आणून बसव!"

भैरू पळत सुटला. आता चूक करायची नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मांडवामागं म्हशीपाशी जागे होऊन हाका मारणाऱ्या आमदारांकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मोटारसायकल काढून तो थेट शेजारच्या गावात गेला, आणि मागच्या निवडणुकीत पडलेल्या आमदारांना घेऊन आला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कडक इस्त्रीचे कपडे त्यांच्या अंगावर रोजच असायचे.

बँडवाल्यानं माणूस न बघताच बँड वाजवला. कुणीतरी हार घातला. पडलेले आमदार स्टेजवर चढले, बटण दाबलं, आणि नळाला पाणी आलं. त्याच वेळी मांडवामागून निवडून आलेले आमदार आले. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात शेणानं भरलेला धोतराचा सोगा.

भैरूनं घाम पुसला आणि मॅडमना म्हणाला, "बसवले बघा आधीचे. जुने आहेत, पण चालतात."