सुबंध राहिला ऐलतीरी

एकदा एक गृहस्थ एका वृद्ध पोथीवाचकांच्या दारात येऊन उभा राहिला. वय चौतीसच्या आसपास, खांद्याला पडशी, पायांवर चार गावांची धूळ. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, नमस्कारसुद्धा करायचा विसरला. एकदम म्हणाला, "गुरुजी, मग त्याला कोणी सांगितलं का?"

वृद्धांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाले, "आधी पाय धू. उन्हातून आलायस."

त्याने पाय धुतले, आत गेला, आणि नऊ वर्षं तिथेच मुक्काम ठोकला. गुरुजींनी त्याला शिष्य म्हणून ठेवून घेतलं. प्रश्नाचं उत्तर मात्र काही दिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, कसला प्रश्न, आणि कुणाला काय सांगायचं होतं? सांगतो. जरा दम धरा.

गुरुजींजवळ 'प्रभातविजय' नावाची एक थोर पोथी होती. चौदा हजार ओव्या. दरवर्षी चाळीस दिवस, तिसऱ्या प्रहरी, देवळाच्या मंडपात ती वाचली जाई. कथा अशी, की एका असुराने जगातली पहाट चोरून समुद्रापलीकडच्या बेटावर कोंडून ठेवली. ती सोडवायला राजपुत्र तेजोवर्मा आणि त्याचे वीर निघाले. समुद्र ओलांडायला शेषकन्येच्या केसांचा एक दोर मिळाला. पण त्या दोराची अट विचित्र होती. तो झाडाला बांधून चालत नसे, खडकाला बांधून चालत नसे. अलीकडच्या तीरावर जिवंत माणसाने तो धरून ठेवला तरच तो ताणलेला राही. मग कोणीतरी मागे थांबायला हवं. सुबंध नावाचा एक वीर म्हणाला, "मी धरतो." बाकीचे दोरावरून गेले, लढले, जिंकले, आणि पंख असलेल्या घोड्यावर बसून पहाट घेऊन आले. आले ते मात्र भलत्याच दिशेने. सुबंध जिथे उभा होता, तिकडे कोणी फिरकलंच नाही. पुढे राज्याभिषेकाच्या चारशे ओव्या आहेत. त्यांत घोड्याचा खरारा करणाऱ्याचंही नाव आहे. सुबंधाचं नाही. त्याच्या वाट्याला सतराव्या दिवशीची ही एवढी ओवी:

सकळ गेले पैलतीरीं । शंख वाजले अंबरीं ।
सुबंध राहिला ऐलतीरीं । दोहीं करीं दोर घेऊनि ॥

संपलं. दोर सोड, काम झालं, हे त्याला कोणी जाऊन सांगितलं का, ते कवी सांगत नाही.

आता हा प्रश्न या शिष्याच्याच काळजाला का झोंबावा? त्यालाही कारण होतं. तो तिघा भावांतला मधला. थोरला व्यापाराला परमुलखात गेला, धाकटा सैन्यात गेला. वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा घरी होता तो हाच. अकरा वर्षं त्याने वडिलांना सांभाळलं. वडील गेले तेव्हा शेजारच्या बायका ओसरीवर बसून हळहळल्या, "बिचारा! शिकायचा राहिला, लग्नाचाही राहिला." वाईट मनाने नाही म्हणाल्या हो. पण तो 'राहिला' त्याच्या मनात काट्यासारखा मोडला. त्याच सुमारास गुरुजी त्याच्या गावी पोथी वाचायला आले होते. सतराव्या दिवशी त्याने ही ओवी ऐकली आणि रडू आवरेना म्हणून मंडपातून उठून गेला. जगात आपल्यासारखा आणखी एक आहे, हे त्याला तेव्हा कळलं. पोथीतला का असेना.

तेव्हापासून त्याला सुबंधाचं वेड लागलं. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. साऱ्या पोथीत सुबंधाचं नाव तीनदाच येतं; ती तिन्ही पानं त्याला वासावरून ओळखता येत. तो काथ्याचा दोर वळायला शिकला, कारण सुबंधाच्या तळहातांना काय वाटलं असेल ते त्याला जाणून घ्यायचं होतं. देवळात, बाजारात, पाणवठ्यावर भेटेल त्याला तो गाठून विचारी, "अहो, त्याने दोर सोडला असता तर? पडले असते ना सगळे समुद्रात? मग खरा वीर कोण?" लोक "हो हो, खरंय बाबा" म्हणत काढता पाय घेत. मंडपात पहिल्या रांगेत बसणारा तेलाचा व्यापारी तर त्याला 'दोरीबुवा' म्हणे, आणि मग सारं गावच म्हणू लागलं.

एखाद्यावर मनापासून प्रेम करावं आणि त्याच्याविषयी चार शब्द बोलायला गावात माणूस नसावा, हा फार वाईट एकटेपणा. मंडपात दोनशे माणसं असत. तेजोवर्म्याचं नाव आलं की दोनशे हात वर जात. सतराव्या दिवशी ती ओवी आली की दोनशे माणसं पाय मोकळे करत, पानाचे डबे उघडत. शिष्य तेवढा मान खाली घालून बसे. गुरुजीही त्या ओवीवर क्षणभर थांबत आणि पान उलटत. यांनाही त्याचं काही नाही, असं शिष्याला वाटे.

त्या पानावर आणखी एक गोष्ट होती. त्या ओवीखाली चांगली दीड वीत जागा पिवळी होती. जुन्या लेखकांची रीत अशी, की लिहिताना चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. हरताळ नावाचं पिवळं द्रव्य उगाळायचं आणि अक्षरांवर त्याचा लेप द्यायचा. आपण उठसूट 'हरताळ फासला' म्हणतो ना, ते इथलं. शिष्याची खात्री पटली होती, की या पिवळ्याखाली सुबंधाची उरलेली कथा आहे आणि कोण्या दुष्टाने ती मुद्दाम पुसली. त्याने गुरुजींना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा गुरुजी म्हणाले, "पुढचं पान काढ."

नवव्या वर्षी गुरुजींचा आवाज बसला तो बसलाच. ते शिष्याला म्हणाले, "यंदा वाचायला पीठावर तू बस."

शिष्याला आनंद झाला, आणि त्याहून मोठा एक बेत सुचला. सोळा दिवस त्याने तिसऱ्या प्रहरी पोथी वाचली आणि सकाळी लपून लिहिलं. एकवीस ओव्या झाल्या. त्यांत असं होतं, की अभिषेकाच्या क्षणी तेजोवर्मा मुकुट बाजूला सारतो, "माझा सुबंध कुठे?" म्हणून आकांत करतो, घोड्यावर झेप घेऊन समुद्रतीरी येतो, आणि सुबंधाच्या हातांवर हात ठेवून म्हणतो, "सोड आता, सख्या." शंख वाजतात, मिठी पडते, मुकुट सुबंधाच्या मस्तकी चढतो.

सतराव्या दिवशी सकाळी त्याने तो कागद गुरुजींपुढे ठेवला. "आज या ओव्या वाचायला आज्ञा असावी."

गुरुजींनी त्या एकदा वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "फार सुंदर लिहिल्यास."

शिष्याला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आता सहाण घे आणि हरताळ उगाळ."

काय वाटलं असेल त्याला! सहाण पुढे ओढून तो असा काही उगाळू लागला, की सहाण फुटते की काय. शेवटी त्याच्याने राहवेना. "नऊ वर्षं तुमच्या पायांशी काढली, गुरुजी. साऱ्या गावाने त्याची थट्टा केली, मी सोसली. पण तुम्हीही? तुम्हीही त्याला पुसणार?"

गुरुजी म्हणाले, "पोथी आण. आजचं पान काढ."

पान निघालं. गुरुजींनी त्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि बसक्या आवाजात म्हणू लागले. अठरा ओव्या होत्या. त्यांतही तेजोवर्मा मुकुट सारून उठत होता, त्यांतही घोडा होता, मिठी होती, आणि "सोड आता" होतं. दोन ठिकाणी तर यमकंसुद्धा तीच.

शिष्याचे हात सहाणेवर थांबले. "या कोणी लिहिल्या?"

"मी. तुझ्याहून लहान होतो."

"आणि हरताळ कोणी लावला?"

"तोही मीच." गुरुजींना धाप लागली होती. मग म्हणाले, "ऐक. माझे गुरुजी ही पोथी वाचत, तेव्हा सतराव्या दिवशी मंडप रिकामा झाला की कोणी ना कोणी मागे रेंगाळायचं. एका वर्षी एक म्हातारी होती. तिचा मुलगा गलबतावर गेला तो आला नव्हता. एका वर्षी घाटातल्या चौकीचा पहारेकरी. ती माणसं गुरुजींना दोर धरणाऱ्याविषयी काहीबाही विचारायची, आणि विचारता विचारता स्वतःचं बोलायची. एरवी गावात कुणाशी बोलत नसत ती. मग मी पीठावर बसलो आणि सुबंधावरचा अन्याय दूर केला. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. सहा वर्षं मी त्या ओव्या वाचल्या. सहा वर्षांत मागे कोणी थांबलं नाही. कशाला थांबेल? सुबंधाचं सगळं छान झालं होतं. ज्यांचं झालं नव्हतं त्यांनी कुठे बसायचं? कवीने 'राहिला' एवढंच म्हटलंय. नंतर तो राहून गेला की आपणहून थांबला, ते त्याने उघडं ठेवलंय. मी तिथे भिंत घातली होती, बाबा. सातव्या वर्षी हरताळ लावला. त्यानंतर पुष्कळ जण आले, तू पोथी ठेवायला घरी गेल्यावरही. तू त्यांतलाच एक."

शिष्य हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही तो..."

"पन्नास वर्षं झाली."

"मग नऊ वर्षं मला बोलला का नाहीत?"

गुरुजींनी नजर वळवली. "धीर झाला नाही. एकट्याने जपलेला माणूस दुसऱ्यापुढे काढून ठेवायचा, म्हणजे भीती वाटते. चुकलंच माझं ते." मग हरताळाची वाटी त्याच्याकडे सरकवून म्हणाले, "मी सांगायचं ते सांगितलं. लाव किंवा वाच. पीठावर तू आहेस."

तिसरा प्रहर झाला. मंडप भरला. तेलाचा व्यापारी मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "दोरीबुवा, आज घोडा येईस्तोवर वाचा हं, मध्येच थांबू नका." माणसं हसली.

शिष्याने हरताळ लावला नव्हता. कागद पोथीत, त्याच पानावर होता. वाचता वाचता ती ओवी आली. त्याने ती म्हटली. पानाचे डबे उघडल्याचे आवाज झाले. कागद समोर होता. नुसता स्वर लावायचा अवकाश, दोनशे माणसं स्तब्ध झाली असती, दोनशे हात सुबंधासाठी वर गेले असते. यासाठीच तो नऊ वर्षं जगला होता.

"अहो, पुढे, पुढे!" व्यापारी ओरडला.

शिष्याने कागद उचलला, मांडीखाली सारला आणि पुढचं पान वाचलं. घोडा आला. मंडप दणाणून गेला. शिष्य यंत्रासारखा वाचत राहिला. आज आपणही त्याला तिथेच टाकून आलो, एवढंच त्याला वाटत होतं. गुरुजींचं म्हणणं डोक्याला पटलं होतं, पण छातीत नुसतं रिकामं होतं.

वाचन आटोपलं, लोक गेले. तो पोथी रुमालात बांधत असताना खांबाआडून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल, डोक्यावरून पदर, हातांची चाळवाचाळव चाललेली.

"बुवा, एक विचारू? हसाल."

"नाही हसणार. विचारा."

"तो जो अलीकडे थांबला ना... त्याच्या दोन्ही हातांत दोर होता म्हणालात. मग तो जेवत कसा असेल हो?"

'दोहीं करीं' हे शब्द शिष्याने हजारदा म्हटले होते. त्याच्या एकवीस ओव्यांत मुकुट होता, मिठी होती, शंखनाद होता. सुबंधाला भूक लागली असेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. एवढं प्रेम केलं आणि एक घास सुचला नाही! त्याची त्यालाच लाज वाटली.

"मला ठाऊक नाही, बाई," तो म्हणाला. "खरंच ठाऊक नाही. तुम्हाला हे कसं सुचलं?"

"लेक अंथरुणाला खिळलीय माझी. आठ महिने झाले. तिला सोडून हलता येत नाही. आज शेजारीण घटकाभर बसली तिच्यापाशी, म्हणून आले." ती ओशाळून हसली. "हे ऐकलं आणि वाटलं, याला घास देणारं कोणी असेल का?"

"तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

बाईने आठवून पाहिलं. "काल काहीतरी खाल्लं असेल," ती म्हणाली, आणि एकदम तोंडाला पदर लावून रडू लागली.

शिष्याने पोथी बाजूला ठेवली. घरी जाऊन त्याने आपल्या वाटणीची भाकरी आणि वाटीभर आमटी आणली, आणि तिच्यासमोर ठेवून पलीकडे बसला. ती जेवत होती आणि मधूनमधून लेकीविषयी सांगत होती. तो ऐकत होता. सुबंधाचं नाव त्यानंतर दोघांपैकी कोणीच काढलं नाही.