झरंगीचा अर्थ

एकदा एक वृद्ध आचार्य विस्मरणात गेलेल्या शब्दांचा कोश रचत होते. शिष्यांना त्या कामाचा कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी एक खेळ लावून दिला होता. दिवेलागणीला ते एक अपरिचित शब्द उच्चारत. प्रत्येक शिष्य त्याचा एक बनावट अर्थ चिठ्ठीवर लिहून देई, आचार्य खरा अर्थ त्यांत मिसळत, आणि साऱ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जात. ज्याच्या खोट्या अर्थाला जास्त जण फसतील तो जिंकला. खरे काय ते मात्र दुसऱ्या दिवशी स्नानानंतरच सांगायचे, तोवर कोणी तोंड उघडायचे नाही, असा दंडक होता.

थोरला शिष्य या खेळात कोणाला हार जात नसे. नुसता अर्थ लिहून भागत नाही, त्याला एखादा बारीकसा नियम जोडला की माणसे डोळे मिटून विश्वास ठेवतात, हे त्याने पुरते ओळखले होते. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एका संध्याकाळी एक कापडाचा व्यापारी मुक्कामाला आला. त्यालाही खेळायला बसवले. त्या दिवशीचा शब्द होता 'झरंगी'. थोरल्याने लिहिले: 'एक वेल. हिचे मूळ दुधात उकळून दिल्यास लहान मुलाचा जुनाट ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. मूळ डाव्या हाताने खणावे. खणताना मागे वळून पाहू नये.' सगळे फसले.

तोच अर्थ खरा धरून, जेवणे झाल्यावर व्यापाऱ्याने थोरल्याला जाणता समजून बाजूला घेतले. आपली मुलगी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली आहे, या नावाची वेल आपल्या गावच्या ओढ्याला आहे, पण कोळ्यांखेरीज तिला कोणी हात लावत नाही, असे सांगून त्याने विचारले, की दूध किती घ्यायचे? सांगून टाकावे असे शिष्याच्या मनात आले. पण जिंकलेला डाव सोडणे जिवावर आले, आणि सकाळी सगळे उघड होणारच होते. "पाव शेर पुरे," तो म्हणाला.

व्यापारी पहाटेच निघून गेला. स्नानानंतर आचार्यांनी खरा अर्थ सांगितला. झरंगी म्हणजे डोहातले मासे मारण्यासाठी कोळी ठेचून टाकतात ती विषारी वेल. व्यापाऱ्याची गाडी अजून दोन कोसांपलीकडे गेली नसेल, असा हिशेब शिष्याने केला. पण धावत जायचे म्हणजे सर्वांसमोर कारण सांगावे लागले असते. घरी कोणीतरी त्याला अडवेलच, अशी मनाची समजूत घालून तो पानावर बसला.

दोन महिन्यांनी व्यापारी परत आला. तो खूप वाळला होता. आचार्यांच्या पाया पडून तो म्हणाला, "महाराज, माझी सगुणी गेली. औषध चुकलं नाही, मी चुकलो. मूळ खणताना मी मागं वळून पाहिलं असणार. दुसऱ्या कुणाकडून तरी असं होऊ नये, म्हणून नेम नीट विचारायला आलोय."

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले. त्याचा चेहराच सारे सांगत होता. त्यांनी कोश आणून त्याच्यापुढे उघडला, झरंगीचे पान काढले आणि बोरू त्याच्या हातात दिला. "तुझा अर्थ लिही. तापावरचा."

शिष्य गोंधळला. ज्या कोशात एक अक्षरही पारखल्याशिवाय जात नसे, त्यात हे लिहायचे?

"तो अर्थ आता आपल्या हातात राहिलेला नाही," आचार्य म्हणाले. "आपण खेळत होतो. हे गृहस्थ लेकरासाठी औषध शोधत होते. मी खोटं रचायला शिकवलं आणि वर मौनाचा नियम घातला, तेव्हा यात मीही आहे. न लिहिल्यानं ते पुसलं जाणार नाही. लिही, आणि त्याखाली लिही की हे तू रचलंस, आणि त्यानं कोण गेलं."

व्यापारी दोघांकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी वळून पाहिलं, त्यानं काही झालं नाही?"

"नाही, शेठ," शिष्य म्हणाला. "नेम खोटा होता. औषधही खोटं होतं. मला ठाऊक असून मी दूध किती ते सांगितलं."

व्यापारी ओरडला नाही. ओरडला असता तर शिष्याला बरे वाटले असते. त्याने एवढेच विचारले, "मी वाटेत चार गावांत हे सांगत आलो. तिथं कोण जाणार?"

शिष्याने मुलीचे नाव लिहून पूर्ण केले, बोरू खाली ठेवला आणि गावांची नावे विचारली. व्यापाऱ्याने तीन सांगितली. चौथे सांगताना तो अडखळला. त्या गावी एका बाईने त्याच्यादेखतच मूळ उकळत ठेवले होते.

शिष्य आधी त्याच गावाला निघाला, उशीर झाला आहे हे ठाऊक असूनही.

आपण गमतीने बोलतो तेव्हा ऐकणाराही गमतीनेच ऐकत असेल, असे धरून चालू नये.