बॅटरी जेवत नाही

वस्तूंना वाचा होती आणि माणसं जरा कमी बोलत, त्या काळी एका लॅपटॉपबाईंचा रात्रभर डोळा लागला नाही. आपल्या लेकीला, बॅटरीला, मऊ गादीवर घेऊन बसल्या, वायर लावली, तरी ती वीज म्हणून घेईना. असंच चाललं तर पोरगी भंगारात जाणार! बाई शिकलेल्या, जगाची माहिती पोटात. पण स्वतःच्या मतावर काडीचा विश्वास नाही.

त्यांनी घरातल्या सगळ्यांना विचारलं. "गार लागलं असेल," इस्त्रीआत्या म्हणाली, "गोधडी घाल." बाईंनी घातली. "नजर लागली," मिक्सरकाकू गुरगुरल्या, "वर क्रोशाचा रुमाल टाक. आमच्या वेळी नव्हती हो ही नाटकं!" बाईंनी रुमालही टाकला. पोरगी आणखीच तापली. "बघ, तापच आहे," आत्या म्हणाली, "अजून एक गोधडी घाल."

तेवढ्यात लाइट गेली. भिंतीतल्या विजेवर बोलणारे सगळे जागच्या जागी मुके झाले. त्या शांततेत बाईंना पहिल्यांदाच लेकीचा आवाज ऐकू आला.

"आई, उकडतंय गं. हे काढ ना."

बाईंनी अंगावरचं सगळं झटकलं आणि गादी सोडून गार फरशीवर बसल्या. बॅटरी निवली, आणि लाइट येताच गटागटा वीज प्यायला लागली.

"बघितलंस रुमालाचा गुण?" मिक्सरकाकू गरजल्या.

"रुमालाचा कसला? माझ्या गोधडीचा!" आत्या फणकारली.

"तुम्ही होतात म्हणून बरं," बाई गहिवरून म्हणाल्या. "आता पुढे काय करू?"

बॅटरीनं आईकडे पाहिलं.

"आई, लाइट परत कधी जाणार?"